सांता क्रूझ बोर्डवॉक आणि 'द लॉस्ट बॉईज' : कुठला शॉट कुठे, आणि कुठला तिथे नाहीच

निशाचर८७

'द लॉस्ट बॉईज' (१९८७) ज्यांना तोंडपाठ आहे त्यांच्यासाठी हा धागा. चित्रपटातलं 'सांता कार्ला' म्हणजे कॅलिफोर्नियातलं सांता क्रूझ. दिग्दर्शक जोएल शूमाकरने १९८६ च्या उन्हाळ्यात तिथे चित्रीकरण केलं. समुद्रकाठचं मनोरंजन उद्यान, म्हणजे सांता क्रूझ बीच बोर्डवॉक, १९०७ पासून चालू आहे आणि चित्रपटात दिसणाऱ्या दोन मुख्य गोष्टी आजही जागच्या जागी आहेत : १९११ चं लूफ कॅरोसेल (लाकडी घोड्यांचं फिरतं चक्र) आणि १९२४ चा जायंट डिपर (लाकडी रोलरकोस्टर). या दोन्हींना १९८७ मध्येच, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

नेहमी होते ती चूक आधीच सांगतो. लोक भर दुपारी जातात, घोड्यासोबत एक सेल्फी काढतात आणि 'चित्रपटातल्यासारखं काही वाटलं नाही' म्हणत परततात. वाटणारच नाही. व्हॅम्पायरांचा चित्रपट आहे, त्यातला बोर्डवॉक रात्रीचा आहे. सुरुवातीचा शॉट आठवा : काळोख्या समुद्रावरून कॅमेरा दिव्यांच्या माळेकडे येतो. तो बोर्डवॉक दुपारी दोन वाजता अस्तित्वातच नसतो.

तर आधी वेळ ठरवा. पाळणे साधारण मे अखेर ते सप्टेंबरचा पहिला सोमवार रोज चालतात. एरवी बहुतेक शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना. हिवाळ्यातल्या मंगळवारी गेलात तर आर्केड उघडं सापडेल, पण डिपर उभा आणि कॅरोसेलला कुलूप. त्या दिवसाचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नका, आणि त्यात 'उघडं' एवढंच न पाहता 'पाळणे किती वाजेपर्यंत' ते पाहा.

आत जायला पैसे पडत नाहीत. तिकिटाचं फाटक नाही, रस्त्यावरून सरळ आत. पैसे पाळण्यांचे : एकेका पाळण्याचे किंवा दिवसभराचा मनगटपट्टा. फक्त चित्रपटासाठी जाणाऱ्याला पट्टा परवडत नाही. डिपर दोनदा, कॅरोसेल दोनदा, स्काय ग्लायडर (गर्दीवरून जाणारी उघडी खुर्ची, चालू असेल तर) एकदा, एवढं सुटं घेतलं की झालं. मुलं बरोबर असतील तर हिशोब उलटा.

खारावारा

उत्तम सुरुवात. हवेचं मी लिहितो, कारण निम्म्या सहली तिथे फसतात.

कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, हे सांता क्रूझला जून-जुलैमध्ये लागू पडत नाही. मॉन्टेरे उपसागरात खोलातलं गार पाणी वर येतं, त्यावरची दमट हवा थिजून धुकं धरते, आणि आतल्या दऱ्या तापल्या की ते धुकं किनाऱ्याकडे ओढलं जातं. सकाळी अकरा-बारापर्यंत आभाळ राखाडी, दुपारी उघडतं, संध्याकाळी पुन्हा भरून येतं. स्वच्छ हवा हवी असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. पण मग पाळणे शनिवार-रविवारपुरतेच. म्हणजे निवड अशी : रोज चालू पण धुकट, की निरभ्र पण आठवड्यातून दोन दिवस.

या चित्रपटाच्या भक्तांनी धुकं घ्यावं असं माझं मत. मोटारसायकलींचा तो पाठलाग धुक्याशिवाय काय उरतो?

दुसरं, स्वेटर. सूर्य गेला की वाऱ्यात बारा-पंधरा अंश सेल्सिअस सहज होतं. चड्डी-बनियनवर आलेले लोक रात्री आठला तिथल्याच दुकानातून 'सांता क्रूझ' छापलेले जाड हूडी विकत घेताना दिसतात. दुकानदारांचा अर्धा धंदा त्यावर चालत असावा.

अर्धपडदा

छान धागा. एक विचारते. बोर्डवॉकच्या पूर्व टोकाला नदीवर जो रेल्वेपूल आहे, त्यालाच चित्रपटातली ती व्हॅम्पायर मुलं लोंबकळतात ना? तिथे किती वाजता जावं?

रूळकरी

नाही हो ताई, तो पूल नव्हेच! हा गैरसमज इतका पसरलाय की त्या पुलाखाली उभं राहून लोक हात वर करून फोटो काढतात.

बोर्डवॉकच्या टोकाचा पूल सॅन लोरेन्झो नदीवरचा आहे. दिसायला देखणा, पण लोंबकळण्याचा प्रसंग दक्षिणेला शेकडो मैल दूर, लॉस एंजेलिसच्या वरच्या अंगाला सांता क्लॅरिटामध्ये घेतलेला आहे. तिथला जुना रेल्वेपूल आज आयर्न हॉर्स नावाच्या पायवाटेचा भाग आहे. गंमत म्हणजे तो मॅजिक माउंटन पार्कवे नावाच्या रस्त्याजवळ आहे, म्हणजे तिथेही शेजारी एक मनोरंजन उद्यान आहेच.

नदीवरच्या पुलाच्या कडेला पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, तिच्यावरून जरूर जा. डिपरची पांढरी लाकडी चौकट आणि लाल रूळ तिथून एका नजरेत मावतात. रुळांवर मात्र उतरू नका. ते मेलेले रूळ नाहीत. फेल्टनहून रोअरिंग कॅम्पची पर्यटक गाडी रेडवूडच्या जंगलातून उतरत थेट बोर्डवॉकच्या दारात येते. जाऊन-येऊन तीन तासांच्या आसपास. गाडी तिथे लावून रेल्वेने बोर्डवॉकला यायचं, हा पार्किंगच्या कटकटीवरचा सगळ्यात देखणा उपाय. फक्त ती रात्री उशिरा परत नेत नाही, त्यामुळे रात्रीच्या बेतात बसत नाही.

गुहाही शोधू नका. तिचा आतला भाग स्टुडिओतला सेट होता.

अर्धपडदा

बरं झालं विचारलं. मग सांता क्रूझमध्ये नेमकं काय काय आहे?

निशाचर८७

बोर्डवॉक सोडून दोन जागा.

चित्रपटातल्या आजोबांचं घर : शहराच्या वरच्या अंगाला पोगोनिप नावाचं मोकळं रान आहे, तिथला जुना क्लबहाउस. १९१२ ची इमारत, मूळची गोल्फ क्लबची. १९८९ च्या भूकंपात नुकसान झाल्यावर बंद पडली. बाहेरचे शॉट तिथले. आत जाता येत नाही, कुंपणाबाहेरूनच बघायची. गोल्फ क्लब ड्राइव्हच्या बाजूने पायी जावं लागतं, गाडी अगदी दाराशी जाईल हा भ्रम नको. दिवसाउजेडी जा आणि परत या. पायवाटा कधीकधी बंद ठेवतात, निघण्यापूर्वी शहराच्या उद्यान विभागाची सूचना पाहून घ्या.

कॉमिक्सचं दुकान : कथेत ते बोर्डवॉकवर असल्यासारखं वाटतं, पण खरं दुकान गावात पॅसिफिक अ‍ॅव्हेन्यूवर होतं, अ‍ॅटलांटिस फँटसीवर्ल्ड. ती इमारत भूकंपाने गेली आणि दुकान सीडर स्ट्रीटवर हललं. त्यामुळे फ्रॉग बंधू (चित्रपटात ते दुकान सांभाळणारे दोघे भाऊ) उभे होते ती फरशी शोधत पॅसिफिक अ‍ॅव्हेन्यूवर फिरण्यात अर्थ नाही.

खरं तर सुरुवातीच्या मॉन्टाजमध्ये गावातला जो बाजाररस्ता दिसतो त्यातलं बरंच काही १७ ऑक्टोबर १९८९ ला संध्याकाळी संपलं. लोमा प्रिएटा भूकंप, तीव्रता ६.९, केंद्र याच डोंगरांत. चित्रपट त्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी घेतलेला, म्हणून भूकंपापूर्वीच्या त्या गावाची ती एक अजाणता झालेली नोंद आहे. मला तो चित्रपटातला सगळ्यात हळवा भाग वाटतो, आणि त्यात एकही व्हॅम्पायर नाही.

चक्रीवादळ

आता माझ्या आवडीचा विषय. जायंट डिपर.

बांधला आर्थर लूफने. कॅरोसेल ज्याने बनवलं त्या चार्ल्स लूफचा हा मुलगा. बांधकाम १९२४ मध्ये ४७ दिवसांत, खर्च ५०,००० डॉलर. उंची ७० फूट, रुळांची लांबी २,६४० फूट म्हणजे बरोबर अर्धा मैल, फेरी दोन मिनिटांच्या आतबाहेर. बसायला किमान उंची ५० इंच (१२७ सेंमी). मोजपट्टीपाशी उगाच हुज्जत घालू नका, कर्मचारी ऐकत नाहीत आणि ऐकूही नये.

पहिल्यांदा बसणारा एका गोष्टीने चकतो. इतर कोस्टरवर गाडी फलाटावरून निघून लगेच साखळीच्या चढाला लागते. इथे ती आधी गचकन अंधाऱ्या बोगद्यात शिरते, वळत-उतरत जाते आणि मग बाहेर पडून चढाला भिडते. डोळे अंधाराला सरावलेले असतात, त्यामुळे रात्री बाहेर पडताच दिवे दुप्पट वाटतात. चढावर जो टकटक आवाज येतो तो साखळीचा नव्हे. गाडी मागे घसरू नये म्हणून खालच्या दात्यांवरून खिट्टी घसरत जाते, तिचा.

कुठे बसायचं? पुढे बसलात तर दृश्य, मागे बसलात तर धक्का. पुढचा डबा शिखर ओलांडतो तेव्हा गाडीचं बरंचसं वजन अजून चढावर असतं, म्हणून तो हळू डोकावतो. शेवटचा डबा शिखराशी येतो तेव्हा पुढची सगळी गाडी खाली ओढत असते, म्हणून तो फेकला जातो. दिवसा मागे, रात्री पुढे.

आणि सकाळची पहिली फेरी घेऊन 'मऊच आहे' असा निकाल देऊ नका. गार हवेत वंगण घट्ट असतं, चाकं थंड असतात, गाडी आळसावलेली धावते. दुपारनंतर तीच गाडी वेगळी. कमाल वेग ताशी ५५ मैल सांगतात, तो अनुभवायचा तर संध्याकाळ.

अर्धपडदा

पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसावं का?

चक्रीवादळ

पाठ-मान-हृदयाचा त्रास, गरोदरपण : नको. पोलादी कोस्टरपेक्षा लाकडी कोस्टर जास्त खडखडतो, आडवे हिसके बसतात. त्यांनी स्काय ग्लायडर घ्यावा, चालू असेल तर. दोघांची उघडी खुर्ची, पाय लोंबकळते, गर्दीच्या डोक्यांवरून जाते. १९६७ चा आहे. सुरुवातीच्या त्या हवाई शॉटच्या जवळात जवळ जायचं तर हाच, ड्रोनचा विचारही नको. फोनला दोरी लावा. खाली पडलेला फोन लगेच मिळत नाही, आणि तो कुणाच्या तरी डोक्यात पडतो हा मुद्दा आहेच.

नीलप्रहर

फोटो-व्हिडिओवाल्यांसाठी.

१) हा किनारा पश्चिमेला नाही, दक्षिणेला तोंड करून आहे. उन्हाळ्यात सूर्य समुद्रात न बुडता उजव्या हाताला गावामागे जातो. 'समुद्रात सूर्यास्त आणि पुढे डिपर' अशी चौकट जूनमध्ये मिळणार नाही. जून अखेरीस सूर्यास्त साडेआठच्या सुमारास. त्यानंतरची २०-३० मिनिटं सोन्याची : आभाळ गडद निळं, दिवे लागलेले, पण लाकडी चौकट अजून ओळखू येते. पुढे आभाळ काळं झालं की नुसते ठिपके.

२) चित्रपट २.३९:१ चौकटीत आहे, म्हणजे फारच आडवा. उभा फोन धरून जुळणी होणार नाही. ४००० × ३००० चा फोटो असेल तर रुंदी तशीच ठेवून उंची १६७४ पर्यंत कापा. म्हणून काढतानाच वर-खाली भरपूर जागा सोडा आणि महत्त्वाचं मध्यपट्ट्यात ठेवा.

३) व्हिडिओत दिव्यांवर पट्टे सरकतात ही कायमची तक्रार. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. कॅमेऱ्याची फ्लिकर सेटिंग ५० वर राहिली की पट्टे येणारच. ६० करा आणि शटर १/६० वर बांधा. २४ फ्रेमवर चित्रीकरण करणारे सवयीने १/४८ ठेवतात, इथे तो नियम मोडा.

४) समुद्राकडून येणारी चौकट हवी तर शेजारच्या म्युनिसिपल व्हार्फवर जा. १९१४ चा लाकडी धक्का, मूळचा अर्ध्या मैलाहून थोडा लांब. तिथून बोर्डवॉकची सगळी दिव्यांची रांग पाण्यावर दिसते. २३ डिसेंबर २०२४ च्या वादळी लाटांत धक्क्याचं टोक कोसळलं, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेत लिहिलेल्या अगदी टोकाच्या जागी पोचता येत नाही. तशीही टोकाची गरज नाही, निम्म्या वाटेवरचा कोन जास्त चांगला आहे.

खारावारा

व्हार्फवर ट्रायपॉड लावणार असाल तर एक लक्षात घ्या, गाड्या धक्क्यावर येतात. एक गाडी गेली की फळ्या थरथरतात आणि लांब एक्स्पोजर वाया. खांबाला टेकून लहान एक्स्पोजर घेतलेले बरे.

रूळकरी

कॅरोसेलचं कुणीच लिहिलं नाही? व्हॅम्पायर मुलांची टोळी त्यावर घोड्यांमधून चालत येते आणि सुरक्षारक्षक त्यांना हाकलतो, तो प्रवेश. चित्रपटातला त्यांचा पहिला.

कॅरोसेल छताखाली आहे, म्हणून धुकं-वारा काही असो, प्रकाश तोच मिळतो. ७३ लाकडी घोडे. बाजूचा ऑर्गन १८९४ चा, रूथ कंपनीचा, ३४२ नळ्यांचा. जवळ उभं राहून बोलता येत नाही इतका दणका. ध्वनी रेकॉर्ड करणार असाल तर लेव्हल आधी खाली आणा.

अन् कड्या! हे जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय. बाहेरच्या रांगेत बसलात तर फिरताना एका दांड्यातून पोलादी कडी ओढून घ्यायची आणि पुढे भिंतीवरच्या विदूषकाच्या उघड्या तोंडात फेकायची. चुकतं ते असं :

मुठीने पकडायला जातात, बोटं आपटतात. तर्जनी आकड्यासारखी वाकवायची आणि कडी त्यात अडकू द्यायची, बाकी काम चक्राचं. हात उजवा, कारण चक्र डावीकडे वळतं आणि बाहेरची बाजू उजवीकडे येते. डावरे लोक इथे बिचारे अडचणीत.

फेकताना विदूषक अगदी समोर आला की फेकतात. उशीर झाला. कडीला तुमच्या घोड्याचा वेग आधीच आहे, ती सुटल्यावरही पुढे सरकते. तोंड समोर येण्याच्या किंचित आधी, खालून, हलक्या हाताने सोडा. पहिल्या दोन फेऱ्या फुकट जातात, तिसरीला अंदाज बसतो.

कडी खिशात घालून नेऊ नका. आठवण म्हणून नेली तरी ती चोरीच आहे, आणि मागच्याला एक कमी मिळते.

अर्धपडदा

टोळीसारखं घोड्यांमधून चालत जाऊन व्हिडिओ काढता येईल?

रूळकरी

चक्र फिरताना चालायचं नाही, लगेच थांबवतील. चित्रपटातल्यासारखंच हाकलतील म्हणा ना, तेवढं चित्रीकरण मात्र अस्सल होईल. स्थिर बसून फोन खांद्याच्या उंचीवर धरा, आरशांत मागचे घोडे येतात.

चक्रीवादळ

अवांतर पण उपयोगी : याच कॅरोसेलपाशी 'सडन इम्पॅक्ट' (१९८३) चा शेवट आहे. आणि 'अस' (Us, २०१९) ची सुरुवात १९८६ मधल्या याच बोर्डवॉकवर होते. त्यात आई म्हणते की कॅरोसेलपाशी कसलं तरी शूटिंग चाललंय. कुठलं ते या धाग्यावर सांगायला नको. त्यातलं आरशांचं घर मात्र चित्रीकरणापुरतं उभारलेलं होतं, वाळूवर शोधत बसू नका.

निशाचर८७

पोचण्याचं राहिलं. सॅन होजेहून हायवे १७, सुमारे ३० मैल. अंतर फसवं आहे. रस्ता डोंगरातून, वळणं आवळलेली, कडेला जागा नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी दहानंतर सगळं खोरं समुद्राकडे निघतं आणि संध्याकाळी सगळं परत. रात्रीचा बेत असेल तर हे पथ्यावर पडतं : तीन-चारला निघा, दुपारचे लोक परतत असतात, पार्किंग रिकामं होत जातं. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं. गाडी नसेल तर सॅन होजेच्या डिरिडॉन स्थानकावरून हायवे १७ एक्स्प्रेस बस गावात सोडते, तिथून समुद्र पायी १५-२० मिनिटं. परतीची शेवटची बस आधी पाहा, ती चुकली तर रात्र तिथेच.

बोर्डवॉक नाव असलं तरी खाली फळ्या नाहीत, सपाट पक्का रस्ता आहे. चाकाची खुर्ची, बाबागाडी सहज जाते.

अर्धपडदा

एकच संध्याकाळ आहे. क्रम सांगा.

नीलप्रहर

जुलै धरून सांगतो. चारला पोचा. आधी कॅरोसेल, उजेडात कड्यांचा सराव करून घ्या. साडेपाचला डिपर, मागचा डबा. मग खाणं, पण डिपरच्या आधी नाही. सातला स्काय ग्लायडर (चालू असेल तर), त्याची रांग सूर्यास्ताला वाढते म्हणून आधीच उरका. आठला व्हार्फवर, निम्म्या वाटेवर थांबा, सव्वानऊपर्यंत तिथून हलू नका. परत येऊन डिपर, पुढचा डबा. शेवटी पुन्हा कॅरोसेल.

चक्रीवादळ

एक दुरुस्ती. रात्रीच्या डिपरची रांग बंद होण्याच्या वेळेआधीच तोडतात, तेव्हा रांगेच्या शेवटी उभ्या कर्मचाऱ्यालाच विचारून घ्या. आणि व्हार्फवरून चालत यायला पंधरा-वीस मिनिटं धरा, नीलप्रहर नेहमी विसरतात.

नीलप्रहर

मान्य. मग नऊलाच निघा.